आजीचं घंगाळ आणि भाड्याचं छत

४ ऑगस्ट २०२४, रविवार (दिव्याची आवस)

सकाळी समई, दोन निरांजनं आणि सासूबाईंनी दिलेला लामणदिवा असे सगळे चिंच-मीठ लावून घासले. पाटावर मांडले, हळद-कुंकू वाहिलं, कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खाल्ले. सगळ्या ज्योती ओळीनं लागल्यावर लेकीनं विचारलं, "हे सगळे आपले. मग तो वरचा कुणाचा?" वरचा म्हणजे भिंतीवरची ट्यूब. "काकांचा," मी म्हटलं. काका म्हणजे घरमालक. ट्यूब, पंखे, गीझर हे सगळं करारासोबतच्या यादीत लिहिलेलं आहे.

दिवसभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, हे पाचवं भाड्याचं घर. मागच्या चार घरांचे रात्रीचे फोटो काढून बघितले. कुठलं घर कुठलं ते फक्त पडद्यांवरून कळतं. उजेड सगळीकडे तोच: छताखालून येणारा, पांढरा-निळसर, कोपऱ्याकोपऱ्यात सारखा पसरलेला. माणसं जेवतायत की सामान बांधतायत, फोटोतून सांगता येत नाही.

करार ११ महिन्यांचा, १ जुलै ते ३१ मे. भिंतीला खिळा नाही, ड्रिल नाही, रंग बदलायचा नाही. अटी कडक आहेत, पण काकांची बाजू मला कळते. घर त्यांचं आहे. मात्र संध्याकाळी घरात उजेड कसा पडावा, हे ठरवण्याचा हक्क राहणाऱ्याचा आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून ठरवलं: या घरात एक दिवा आमचा असेल. नजरेत भरेल असा, जेवणाच्या टेबलावर. आणि जाताना बरोबर येईल असा.

१० ऑगस्ट, शनिवार

आधी मोजदाद. हॉलमध्ये २० वॅटची एलईडी ट्यूब, पट्टीवर ६५०० के लिहिलेलं. स्वयंपाकघरात तशीच एक. दोन्ही खोल्यांत ९ वॅटचे पांढरे बल्ब. म्हणजे घरात एकही उबदार रंगाचा दिवा नाही, देवघरातली समई सोडून.

हे 'के' म्हणजे केल्विन. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, जितका लहान तितका पिवळा-तांबूस. ज्योतीचा उजेड दोन हजारांच्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००, दुपारचं आभाळ साडेसहा हजार. रात्री नऊला आपण घरात दुपार लावून बसतो. अभ्यासाला, शिवणकामाला तो उजेड बरा. पण जेवताना, गप्पा मारताना नको होतो.

रात्री लेक झोपल्यावर सगळं बंद केलं. माहेरून आणलेला टेबललॅम्प लांब एक्स्टेन्शन बोर्डाला लावला आणि घरभर फिरवला. जमिनीवर, कपाटावर, तुळशीच्या कुंडीमागे, टेबलाखाली. नवरा स्टूल घेऊन मागे मागे. हे कुणीही एक पैसा खर्च न करता करून बघावं, त्यासाठी ही नोंद. उजेड डोळ्यांच्या पातळीखाली आला की खोली शांत होते. उजेड टेबलावरच पडला आणि भिंती अंधारात राहिल्या, की टेबलाभोवती आपोआप घर तयार होतं. हॉल १० बाय १६ चा आहे, त्यात आम्हाला पहिल्यांदाच दोन जागा दिसल्या: बसायची आणि जेवायची.

१५ ऑगस्ट, गुरुवार

वाईट बातमी. रविवारी कागदाचा मोठा गोल कंदील ऑनलाइन मागवून छताला चिकटवायच्या हुकावर टांगला होता. वजन जेमतेम पाव किलो, हुकाच्या पाकिटावर दोन किलोपर्यंत चालेल असं लिहिलेलं. पहाटे तीनला धप्प आवाज आला. कंदील चेपला, बल्ब वाचला. पण हुकाबरोबर तळहाताएवढा डिस्टेंपर निघून आला.

हूक अजून रंगाच्या तुकड्याला घट्ट चिकटलेला आहे. गोंद कुठेच सुटला नाही, रंगच छताला सोडून आला. पावसाळ्यात स्लॅबला ओल असते, जुन्या डिस्टेंपरचे थर आधीच सैल झालेले असतात. भिंतीवर वजन खाली सरकत ओढतं, छतावर ते सरळ सोलून काढतं. हे मला कंदील टांगायच्या आधी सुचायला हवं होतं.

सकाळी सात वाजता काकांना फोटो पाठवला आणि फोनही केला. लपवायचं नाही हे आमचं ठरलेलं आहे. ते म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. जाताना बघू." आवाजात नाराजी होती. असणारच.

यापुढे छताला काहीही चिकटवायचं नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

श्रावणातली साफसफाई करताना जळमटं काढायच्या झाडूनं एक पांढरं गोल झाकण हललं. हॉलच्या मागच्या भागात, छताच्या रंगातच रंगवून टाकलेलं, म्हणून दीड महिन्यात दिसलंच नव्हतं. झाकण फिरवून काढलं तर आत स्लॅबमध्येच ओतलेला लोखंडी डबा, त्यात आडवी सळई, आणि टेप गुंडाळलेल्या दोन वायरी. पंख्याचा हूक! बिल्डरनं दुसऱ्या पंख्यासाठी सोय ठेवलेली, कुणी पंखा लावलाच नाही.

मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. छताचा पंखा तीन-चार किलोचा असतो, वर तो फिरताना हादरे देतो. ही सळई तेवढ्यासाठीच असते. म्हणजे ड्रिल नको, स्क्रू नको, गोंद नको, आणि तीन-चार किलोचा दिवा निवांत लटकेल. भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकानं आधी आपलं छत नीट बघावं. जुन्या-नव्या फ्लॅटमध्ये असा एखादा रिकामा हूक असू शकतो.

एकच अडचण, हूक आहे तिथे टेबल नाही. टेबल भिंतीला लागून होतं. तर टेबल हललं. आता ते हुकाच्या बरोबर खाली, चारी बाजूंनी मोकळं. भिंतीकडची खुर्ची सुटली म्हणून लेक खूश आहे.

काकांना मेसेज केला. उत्तर आलं: "हूक वापरा. स्क्रू नको. वायरमन चांगला बोलवा." हा मेसेज जपून ठेवला आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार

दिवा कोणता? आठवडाभर दुकानांतले झुंबर-लॅम्प बघितले. सुंदर आहेत, पण माझ्याशी त्यांचं काही नातं नाही. ते टांगले तर उजेड बदलेल, लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.

आज आईकडे गेले होते. माळ्यावरून पापडाचा डबा काढताना मागे जुन्या इरकली साडीत गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. आजीचं घंगाळ. वाईच्या घरातलं. आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा मोरीत याच घंगाळात बंबातलं कढत पाणी ओतून, विसण घालून आजी एकेकाला न्हाऊ घालायची. दोन बाजूंना दोन कड्या, त्या खणखण वाजायच्या. बुडाशी झिजून भोक पडलं म्हणून ते बाजूला ठेवलं, आणि घर विकलं तेव्हा आईनं ते पुण्याला आणलं.

बाहेरून काळं-हिरवं पडलेलं. बोटाला थुंकी लावून एक जागा घासली तर आतून तांबं लाल चमकलं. पूर्ण अंगावर ठोक्यांचे बारीक चपटे खड्डे, मठारकाम. मी ते उलटं करून डोक्याच्या वर धरलं आणि आईला म्हटलं, "बघ." ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मोडीत घालायचं नाही म्हणून इतकी वर्षं ठेवलं. पण त्याला आणखी भोकं पाडू नकोस." पाडायची गरजच नाही. भोक बुडाच्या मध्यापासून अर्ध्या इंचावर आहे. वायर तिथूनच जाईल.

तोंडाचा व्यास १८ इंच, खोली ९ इंच, वजन सामानाच्या काट्यावर ३ किलो ४०० ग्रॅम.

३१ ऑगस्ट, शनिवार

कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईपासून इथे तांब्याचं काम चालतं. गल्लीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज कानावर येतो. एकसुरी वाटतो, पण दोन मिनिटं थांबलं तर दोन-तीन वेगवेगळ्या हातांच्या लयी कळायला लागतात.

एका कारागीर काकांना घंगाळ दाखवलं. त्यांनी ते हातात न घेता आधी टिचकी मारली, आवाज ऐकला. "जुनं आहे ताई. पत्रा जाड आहे." मग ठोक्यांवरून अंगठा फिरवत सांगितलं, की मठारल्यानं नुसती नक्षी होत नाही, ठोके खाऊन तांबं कडक होतं, म्हणून भांड्याला सहज पोचे पडत नाहीत. कड एका बाजूला दबली होती, ती त्यांनी लोखंडी खरवईवर (तांबटांची ऐरण) टेकवून लाकडी हातोडीनं सरळ केली. भोकाच्या फाटक्या कडा कानसून गोल केल्या. मध्यापासून थोडं सरकलेलं आहे, तेवढं साखळी बरोबर बांधून सांभाळता येईल असं त्यांचं मत.

मी विचारलं, आतून नुसतं चकचकीत करू का? ते म्हणाले, "तांब्यात बल्ब लावाल तर उजेड लाल पडेल. भात लाल दिसेल. आतून कल्हई करा." हे मला सुचलं नसतं. तांबं निळा-हिरवा भाग गिळतं आणि लाल परत पाठवतं, कथील सगळे रंग जवळजवळ सारखेच परत पाठवतं.

कल्हई लहानपणी दारात बघितली होती, त्यानंतर आज. घंगाळ भट्टीवर फिरवून तापवलं. नवसागराची चिमूट आत टाकली तसा पांढरा धूर उठला, नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं. त्या धुरातच त्यांनी कथलाची कांडी तापलेल्या तांब्याला टेकवली. कांडीचं टोक वितळून एक चमकता थेंब घसरला. लगेच कापसाचा बोळा घेऊन तो थेंब त्यांनी एका झपाट्यात गोल पसरवला, आणि बोळा जिथून गेला तिथे लाल तांब्यावर चांदी उमटत गेली. पुढचा थेंब, पुढचा झपाटा. इतक्या घाईचं काम आणि हाताला जराही घाई नाही. शेवटी पाण्यात बुडवलं, चर्र झालं. बाहेर काढलं तेव्हा आत माझा चेहरा दिसत होता, ठोक्याठोक्यांत तुटलेला.

बाहेरून मात्र मी चकचकीत करू दिलं नाही. चिंचेनं हिरवट थर काढला, तपकिरी झाक ठेवली. ती झाक आजीच्या मोरीची आहे.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. काम बंद. घंगाळ देवघराच्या खाली ठेवलंय, येणारे-जाणारे विचारतात.

१४ सप्टेंबर, शनिवार

तपकीर गल्ली. पुण्यात विजेचं सामान घ्यायचं तर इथेच. गर्दीत छत्री उघडायलाही जागा नव्हती, पण एका दुकानात सगळं मिळालं. तीन तारांची गोल लवचीक वायर, ०.७५ चौरस मिमी, तांब्याची, आयएसआय खूण असलेली, तीन मीटर. लोखंडी साखळी पाच फूट. आटे असलेला चिनीमातीचा होल्डर. आटे असलेली पोकळ पितळी नळी, दोन नट, दोन मोठे वायसर. भोकात बसवायला रबरी बुश. २७०० केल्विनचा ९ वॅटचा बल्ब.

रबरी बुश पाच-दहा रुपयांचा असतो आणि बहुतेक जण विसरतात. पत्र्याची कड वायरचं आवरण हळूहळू कापते, एक दिवस आतली तांब्याची तार भांड्याला टेकते, आणि अख्ख्या दिव्यात वीज उतरते. धातूचा दिवा बनवणाऱ्यानं बुश आणि अर्थिंग या दोन गोष्टींत कधीही काटकसर करू नये. म्हणूनच तीन तारांची वायर: तपकिरी फेजची (वीज आणणारी), निळी न्यूट्रलची (वीज परत नेणारी), हिरवी-पिवळी अर्थिंगची, थेट घंगाळाच्या अंगाला.

दुकानदारांनी आणखी एक सांगितलं: वजन साखळीवर, वायर साखळीत सैल ओवलेली. वायर ताणली गेली तर होल्डरमधला स्क्रू तिला सोडतो.

२१ सप्टेंबर, शनिवार

जोडणी. काल रात्री मी आणि नवऱ्यानं घंगाळ, नळी, होल्डर, साखळी बसवली. सकाळी वायरमन दादा आले. छतातलं काम आम्ही स्वतः करणार नव्हतो, आणि करूही नये.

दादांनी टेप सोडली आणि पहिला प्रश्न, "ताई, अर्थिंग कुठाय?" हुकाच्या डब्यात दोनच वायरी. पंख्यासाठी काढलेल्या पॉइंटला अर्थिंग ओढलेलं नव्हतं. माझं तोंड उतरलं. पण दादांनी स्विचबोर्ड खोलला, बोर्डात हिरवी वायर होती, आणि त्याच पाइपातून स्प्रिंग घालून हिरवी वायर छतापर्यंत ओढली. वीस मिनिटं. भिंत फोडायला लागली नाही.

मग बल्ब लावून बघितला. लागला. बटण बंद केलं, तरी बल्ब पूर्ण विझला नाही. अगदी मंद, काजव्यासारखा जळत राहिला. मला वाटलं एलईडीचा काहीतरी गुण असेल. दादांनी मान हलवली, बल्ब काढला, बटण बंद ठेवूनच होल्डरमध्ये टेस्टर लावला. टेस्टर लाल झाला.

म्हणजे बटण न्यूट्रल तोडत होतं, फेज तोडतच नव्हतं. बटण बंद असलं तरी होल्डरपर्यंत वीज आलेली. कुणी "बटण बंद आहे" या भरवशावर बल्ब बदलायला हात घातला असता तर? एलईडीला जळायला इतकी कमी वीज लागते की वायरीतून पाझरणाऱ्या थेंबावरही ती मिणमिणते. जुना पिवळा बल्ब असता तर तो मुकाट विझला असता आणि चूक कधी कळलीच नसती. त्या मिणमिणीनं आम्हाला सावध केलं.

दादांनी बोर्डात वायरी बदलल्या, मग घरातला प्रत्येक पॉइंट तपासला. आणखी एक उलटा सापडला, न्हाणीघरातला. मेन बोर्डातल्या आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) चाचणीचं बटण दाबून बघितलं, खटकन पडलं. हे मी काकांना सविस्तर लिहून कळवलं.

सव्वाबारा वाजता दिवा वर गेला.

२२ सप्टेंबर, रविवार

मोजमापं. छत ९ फूट. टेबल अडीच फूट. टेबलापासून घंगाळाची कड अडीच फूट वर, म्हणजे जमिनीपासून ५ फूट. घंगाळ ९ इंच. साखळी ३ फूट ३ इंच.

रात्री ट्यूब बंद करून आम्ही तिघं जेवायला बसलो. टेबलावर उजेडाचं एक गोल तळं. कड्या अजून हलत होत्या, त्यांच्या सावल्या भिंतीवर हळूहळू झुलत होत्या. आमटीवरची फोडणी दिसत होती, लिंबाची फोड चमकत होती. लेक कुजबुजत बोलायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं.

पण नवरा सारखे डोळे बारीक करत होता. त्याच्या खुर्चीवर बसून बघितलं: बल्बचं टोक थेट डोळ्यांत. होल्डर आणि बल्ब मिळून साडेसहा इंच, घंगाळ नऊ इंच खोल, म्हणजे बल्ब कडेच्या फक्त अडीच इंच आत. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर असतात, तो खालून वर बघतो. बल्ब कडेपासून निदान चार इंच आत हवा.

२८ सप्टेंबर, शनिवार

५ वॅटचा छोटा गोल बल्ब लावला, आखूड आहे. आता कुठल्याच खुर्चीवरून बल्ब दिसत नाही, दिसते फक्त आतली कल्हई, ठोक्यांची जाळी, प्रत्येक ठोक्यात एक ठिणगी. उजेड कमी झाला असं वाटलं होतं, पण कल्हईमुळे बराचसा खाली येतो. ताटाला पुरून उरतो. दुसरा फायदा म्हणजे उष्णता. घुमटात गरम हवा वर अडकते आणि एलईडीचा नाजूक भाग नेमका तिथेच, टोपणात असतो. कमी वॅट म्हणजे जास्त आयुष्य.

आई आली होती. टेबलाशी बसली, वर बघितलं, काही बोलली नाही. जेवण झाल्यावर उठताना हात वर करून एक कडी वाजवली.

२० ऑक्टोबर, रविवार

हॉलचा बसायचा कोपरा अजून ट्यूबखालीच होता. बुरूड आळीतून बांबूची रोवळी आणली, तांदूळ धुवायची असते ती, मोठी. जमिनीवर लाकडी पाटाला होल्डर लावला, त्यावर रोवळी उपडी घातली, प्लग सॉकेटमध्ये. बांबू आहे म्हणून बल्ब फक्त एलईडी, आणि तोही रोवळीला न टेकणारा.

दुधी बल्बनं नुसती पिवळी टोपली दिसली, भिंतीवर काहीच नाही. उजेड बल्बच्या पूर्ण अंगातून येतो, म्हणून सावल्या एकमेकींना पुसून टाकतात. पारदर्शक काचेचा लांब तारांचा बल्ब लावला तर प्रत्येक कामटीच्या चार-चार सावल्या, धूसर. शेवटी मेणबत्तीच्या आकाराचा छोटा पारदर्शक बल्ब लावला आणि पाट भिंतीपासून तीन फुटांवरून एक फुटावर आणला. विणीतला प्रत्येक चौकोन भिंतीवर उमटला, छतापर्यंत चढत मोठा होत गेलेला. ज्या भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही, ती पूर्ण भिंत आता विणलेली आहे. बटण बंद केलं की कोरी.

३१ ऑक्टोबर, गुरुवार (नरक चतुर्दशी)

पहाटे अभ्यंगस्नान. आकाशकंदील परवाच गॅलरीत लावला, ग्रिलला सुतळीनं. बांबूच्या कामट्या आणि केशरी पतंगी कागद, लेकीनं शेपट्या कापल्या. आत तसाच पिवळा छोटा बल्ब.

आपल्याकडे दिव्यानं घर ओळखायची रीत नवी नाही. वाड्यांत हंड्या-झुंबरं असायची, देवापुढे लामणदिवा, दिवाळीत साध्यातल्या साध्या चाळीतही प्रत्येक खोलीबाहेर आपापला कंदील. भाड्याच्या खोलीतला माणूसही कंदील स्वतःच्या हातानं करायचा. मी घंगाळ टांगलं ते त्याच रीतीनं.

पाच वाजता घरात फक्त तीन उजेड: समई, घंगाळ, बाहेर कंदील. ट्यूब कुणाला आठवली नाही.

१९ जानेवारी २०२५, रविवार

काका-काकू तिळगूळ घेऊन आले. काकू घंगाळाखालून उठेचनात. काकांनी आधी छतावरचा तो सोललेला तुकडा बघितला, मी पुट्टी लावून जवळचा रंग मारला आहे पण तो वेगळा कळतो. मग म्हणाले, माझा निरोप वाचून त्यांनी वरच्या मजल्यावरचं स्वतःचं राहतं घर त्याच वायरमन दादांकडून तपासून घेतलं. तिथे तीन पॉइंट उलटे निघाले. "इतकी वर्षं बल्ब मीच बदलतो," एवढंच बोलले.

११ मे, रविवार

काकांचा मुलगा परत येतोय, घर सोडायचं आहे. छताच्या तुकड्याचे पंधराशे रुपये अनामतीतून वजा होतील. रास्त आहेत.

नवीन घरं बघताना पिशवीत टेप, टेस्टर, टॉर्च. एजंटना फोनवर पहिला प्रश्न मी विचारते, "पंख्याचा रिकामा हूक आहे का?" ते गोंधळतात. दोन घरांत छताखाली पीओपीचं दुसरं छत केलेलं, हूक झाकून गेलेला, ती सोडली. तिसऱ्यात हूक नेमका दाराच्या वाटेवर.

२५ मे, रविवार

दिवा उतरवला. नवरा स्टुलावर, मी खालून घंगाळ पोटाशी धरलेलं. होल्डर, नळी, बुश, वायरची गुंडाळी एका डब्यात, घंगाळ पुन्हा आजीच्या इरकली साडीत. हुकाच्या डब्यात तिन्ही वायरींना टेप गुंडाळली, गोल झाकण बसवलं. आत एक चिठ्ठी ठेवली आहे: "अर्थिंग ओढलेलं आहे. बटण फेजवर आहे. सप्टेंबर २०२४."

रात्री त्याच टेबलावर ट्यूबच्या उजेडात जेवलो. लेकीनं भात अर्धा टाकला.

नवीन घर सिंहगड रस्त्याला, तिसरा मजला. हूक आहे, खिडकीजवळ, टेबल मावतं. डब्यात हिरवी वायर आहे, टेस्टर लावून बघितलं, बटण फेजच तोडतं. छत ९ फूट ८ इंच. साखळीचा उरलेला तुकडा सामानाच्या डब्यात आहे, त्यातून आठ इंच जोडायची.